टिम हो वानमध्ये पहिल्यांदा डिमसम खायला जाताना

हाँगकाँगला निघालेलं ओळखीतलं कुणी "तिकडचं अस्सल खाणं कुठे खाऊ?" असं विचारतं, तेव्हा मी टिम हो वानचं नाव सांगते. शहरात डिमसमची, म्हणजे चहाबरोबर खायच्या छोट्या वाफवलेल्या-भाजलेल्या चिनी पदार्थांची, याहून नावाजलेली आणि देखणी ठिकाणं पुष्कळ आहेत. पण हे ठिकाण नवख्या माणसाला सोयीचं आहे, खिशाला परवडतं आणि इथे पदार्थ मागणी आल्यावर वाफेवर चढतो. तिथली रीत मात्र आपल्याकडच्या हॉटेलांपेक्षा वेगळी आहे आणि ती समजावून सांगायला कुणाला सवड नसते. दारात गर्दी, हातात कागद, टेबलावर न मागता आलेला चहा, आणि पोटात भूक. मग माणूस दहा-बारा पदार्थांवर खुणा करून मोकळा होतो. बांबूच्या टोपल्या एकावर एक येऊन आदळतात, खालच्या उघडेपर्यंत निम्मं गार झालेलं असतं आणि गार डिमसमला काही अर्थ नसतो. थोडं मागवा, गरम खा, मग पुन्हा मागवा. बाकी सगळं याच्या सोयीसाठी.

आधी या दुकानाबद्दल थोडं, कारण लोक इथे चुकीच्या अपेक्षेने येतात. माक क्वाय-पुई हे फोर सीझन्स हॉटेलातल्या लुंग किंग हीन या, तीन मिशेलिन तारे (मिशेलिन ही उत्तम रेस्टॉरंटांना तारे देणारी यादी) मिळवलेल्या रेस्टॉरंटमध्ये डिमसम करायचे. २००९ मध्ये त्यांनी लेउंग फाय-केउंग यांच्याबरोबर माँग कॉक भागात जेमतेम वीसेक जणांची सोय असलेलं दुकान काढलं. पुढच्याच मिशेलिन यादीत त्याला एक तारा मिळाला आणि 'जगातलं सगळ्यात स्वस्त तारांकित जेवण' म्हणून त्याचं नाव झालं. २०१३ मध्ये सिंगापूरला पहिली परदेशी शाखा निघाली, मग इतर देशांतही निघाल्या. आता ही साखळी फिलिपिन्सच्या जॉलिबी समूहाकडे आहे. तारा मिळाला होता तो हाँगकाँगमधल्या सुरुवातीच्या छोट्या दुकानांना. सिंगापूरच्या किंवा न्यूयॉर्कच्या शाखेत तो शोधू नका. इथे पांढरे टेबलक्लॉथ नाहीत, निवांत गप्पा मारत बसण्याची जागाही नाही. खुर्च्या एकमेकींना चिकटून असतात आणि खाऊन झालं की उठावं अशीच सगळ्यांची अपेक्षा असते. चांगल्या हाताचं खाणं माफक पैशांत मिळतं, त्यासाठी इथे यायचं.

कुठे आणि कधी

हाँगकाँगमध्ये असाल तर मी शाम शुई पोची शाखा सुचवेन. ती फूक विंग स्ट्रीटवर आहे. आपले बरेचसे पर्यटक चिम शा चुईला उतरतात. तिथून एमटीआरच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, लाल मार्गाने पाचवं स्टेशन शाम शुई पो. वाटेत बदलायची गरज नाही. हा भाग साध्या कष्टकरी माणसांचा आहे. त्याच रस्त्यावर खेळण्यांची दुकानं आहेत, जवळच आप्लिउ स्ट्रीटवर जुन्या इलेक्ट्रॉनिक सामानाचा बाजार भरतो. रांगेतला नंबर लांब असेल तर मुलांना घेऊन एक चक्कर सहज होते.

दुसरी सोयीची शाखा हाँगकाँग स्टेशनच्या आवारात, आयएफसी मॉलला लागून. परतीच्या दिवशी ही फार उपयोगाची, कारण एअरपोर्ट एक्स्प्रेस तिथूनच सुटते आणि साधारण २४ मिनिटांत विमानतळावर पोचवते.

वेळ कुठलीही निवडा, फक्त रविवारची दुपार नको. त्या वेळी आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत अख्खी कुटुंबं डिमसमला बाहेर पडतात. आठवड्यातल्या दिवशी दुपारी तीन ते पाच ही सगळ्यात मोकळी वेळ. जुन्या पद्धतीच्या चहाघरांत डिमसम सकाळपासून दुपारपर्यंतच मिळतं. इथे ते रात्रीपर्यंत मिळतं, त्यामुळे दुपारच्या जेवणाच्या वेळी तिथे असायलाच हवं असं काही नाही. आणि टोपल्यांनी भरलेल्या ढकलगाड्या टेबलांमधून फिरताना बघायच्या असतील तर त्या इथे नाहीत. त्यासाठी सेंट्रल भागात सिटी हॉलमधलं मॅक्सिम्स पॅलेस गाठा. तो अनुभव सुंदर आहे, पण त्याचं बिल आणि रांग दोन्ही मोठी.

दारात

सरळ आत शिरून रिकामी खुर्ची पकडू नका. दाराशी कुणीतरी उभं असतं किंवा नंबर देणारं यंत्र असतं. किती माणसं ते बोटांनी दाखवलं तरी चालतं. नंबराची चिठ्ठी मिळते. नंबर माणसांच्या संख्येप्रमाणे वेगवेगळे चालतात, म्हणून तुमच्यानंतर आलेलं जोडपं आधी आत गेलं तर वाद घालू नका. दोघांचं टेबल रिकामं झालं, एवढाच त्याचा अर्थ. सहा-आठ जणांचा गट असेल आणि दोन टेबलांवर बसायची तयारी असेल तर ते आधीच सांगा, पुष्कळ लवकर आत जाल.

नंबर बऱ्याचदा कँटोनीजमध्ये, म्हणजे तिथल्या चिनी बोलीत, पुकारतात. एक ते दहा असे: यात, यी, साम, सेइ, न्ग, लूक, चात, बात, गाउ, साप. एवढं पाठ करायचं नसेल तर दारापासून लांब जाऊ नका आणि अधूनमधून चिठ्ठी दाखवत राहा. अनोळखी माणसांबरोबर एका टेबलावर बसवलं तर ती तिथली रोजची पद्धत आहे. मान डोलवून हसायचं, बोलण्याची सक्ती नाही. त्यांच्या टोपल्या त्यांच्या बाजूला, तुमच्या तुमच्या बाजूला.

कागद

उभं असतानाच अनेकदा हातात कागद आणि पेन्सिल येते. काही शाखांमध्ये आता टेबलावरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन करून मागवायचं असतं, पण हिशेब तोच. कागदावर पदार्थांची यादी चिनीत, बहुतेकदा इंग्रजीतही, पुढे किंमत आणि एक रिकामा चौकोन. वर टेबलाचा नंबर आणि माणसांची संख्या लिहायची जागा. चौकोनात टिकमार्क करण्याऐवजी आकडा लिहा: एक हवं तर १, दोन हवे तर २, आणि हा आकडा इंग्रजी पद्धतीने. आकडा टोपल्यांचा असतो, नगांचा नव्हे, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एका टोपलीत पदार्थाप्रमाणे तीन किंवा चार नग येतात. चार माणसांसाठी चार लिहिलंत तर सोळा हार गाउ (कोळंबीची डिमसम) समोर येतील.

दोघांसाठी पहिल्या फेरीत चार पदार्थ पुरे: एक भाजलेला, एक वाफवलेला, एक तांदळाचा रोल आणि एक भाजी. कागद देण्याआधी कोरा दुसरा मागून ठेवा, म्हणजे पुढच्या फेरीसाठी कुणाची वाट पाहावी लागत नाही. गर्दी खूप असेल तर पहिल्या फेरीतला दुसरा पदार्थ आला की लगेच पुढचा कागद भरून द्या. मुदपाकखान्याला लागणारा वेळ धरून ते बरोबर जुळतं. पदार्थ कुठल्याही क्रमाने येतात. गोड आधी आलं म्हणून परत पाठवायचं नसतं, बाजूला ठेवायचं. प्रत्येक टोपली आली की टेबलावरच्या चिठ्ठीवर खूण होते. तुम्हीही एक नजर ठेवा. न आलेला पदार्थ बोट ठेवून दाखवला की लगेच बघतात.

चहा

चहा माणशी लावतात, प्यायला नाही तरी. ती थोडकी रक्कम असते, त्यावरून हुज्जत नको. यात दूध नाही, साखर नाही. फू एर हा काळपट, मातकट वासाचा चहा तेलकट पदार्थांबरोबर उत्तम जातो. पहिल्यांदा पिणाऱ्याला चमेलीचा चहा जास्त आवडतो.

जुन्या वळणाची मंडळी पहिला कप पीत नाहीत, त्याने भांडी विसळतात. वाटीत चॉपस्टिक्सची टोकं आणि चमचा ठेवून वरून गरम चहा ओततात, मग कप त्याच वाटीत आडवा फिरवतात आणि पाणी टेबलावरच्या मोठ्या भांड्यात टाकतात. भांडं ठेवलेलं दिसलं तर तुम्हीही करा. नसेल तर करू नका, टेबलभर पाणी होतं.

दुसऱ्याचा कप आधी भरायचा, स्वतःचा शेवटी. तुमचा कप कुणी भरला तर तर्जनी आणि मधलं बोट जरा वाकवून टेबलावर दोन-तीनदा हलकेच आपटा. हे आभार. म्हणजे तोंडात घास असला तरी काम होतं. आणि किटलीतला चहा संपला की हाका मारत बसू नका. झाकण अर्धवट सरकवून ठेवा. येता-जाता कुणीतरी गरम पाणी भरून जातं.

काय खायचं

हे दुकान ज्यामुळे गाजलं तो पदार्थ म्हणजे भाजलेला चार सिउ बन. चार सिउ म्हणजे गोडसर मसाल्यात मुरवून भाजलेलं डुकराचं मांस. बहुतेक ठिकाणी हा बन वाफवून पांढराशुभ्र देतात. इथे तो भट्टीत भाजतात. वरचं आवरण साखरेचं, पातळ आणि भुसभुशीत. बोटांनी उचलतानाच त्याचा चुरा हाताला लागतो. खालचा पाव हलका आणि आत दाट, काळपट तांबडं सारण. हा बन चॉपस्टिक्सने खायचा प्रयत्न करू नका, हातानेच धरा. सारण फार गरम असतं, तेव्हा आधी कडेचा छोटा घास घ्या आणि वाफ जाऊ द्या. एका ताटलीत तीन येतात. दोघं असाल तर तिसऱ्यावरून काय होतं ते तुमचं तुम्ही बघा.

दुकानाच्या जुन्या चार प्रसिद्ध पदार्थांतला हा पहिला. उरलेले तीन असे: डुकराच्या कलेजीचा तांदळाचा रोल, मुळ्याची परतलेली वडी आणि मा लाय गो नावाचा वाफवलेला अंड्याचा केक. कलेजी न खाणाऱ्याने तोच रोल कोळंबीचा घ्यावा. रोलला च्योंग फन म्हणतात. तांदळाच्या पातळ पिठाची वाफवलेली चादर गुंडाळतात आणि वरून गोडसर सोया सॉस ओततात. तो भारी निसरडा असतो. चॉपस्टिक्सने आधी दोन तुकडे करा, चमच्यात घ्या आणि सॉससकट खा. मा लाय गो शेवटाला ठेवा. तो स्पंजासारखा फुगलेला असतो, काकवीसारखा खमंग वास येतो आणि गोडी बेताची.

हार गाउ, म्हणजे कोळंबीचं डिमसम, हे कुठल्याही डिमसम करणाऱ्याच्या हाताची परीक्षा मानतात. ज्यांनी घरी उकडीचे मोदक वळलेत त्यांना त्याची कारागिरी चटकन कळेल. पारी इथेही उकळत्या पाण्यात मळलेल्या पिठाची, पण पीठ तांदळाचं नाही: ग्लूटेन काढलेला गव्हाचा स्टार्च आणि टॅपिओका. म्हणून शिजल्यावर ती काचेसारखी होते आणि आतली गुलाबी कोळंबी दिसते. कळ्या एकाच बाजूला, बारीक, दहाच्या आसपास असाव्यात असं मानतात. टोपली उघडल्यावर दोन गोष्टी बघा. उचलताना पारी तळाला चिकटून फाटते का? आणि दाताखाली कोळंबी करकरते का? पारी फाटली नाही आणि कोळंबी करकरली तर हात चांगला. हे बघायला तुमच्याकडे दोन-चार मिनिटंच असतात, कारण गार झाली की पारी चिवट होते. सगळ्यांचे फोटो काढून होईपर्यंत थांबू नका.

सिउ माय वरून उघडं असतं, त्यात डुकराचं मांस आणि कोळंबी एकत्र. लो माय गाइ म्हणजे कमळाच्या पानात बांधलेला चिकट भात आणि कोंबडी. पान उघडून बाजूला ठेवायचं, खायचं नाही. याने पोट लवकर भरतं, म्हणून दोघांत एकच. कोंबडीचे पाय बघून मन मागे सरतं, पण खरंच एकदा खाऊन बघा. आधी तळून, मग काळ्या सोयाबीनच्या चटणीत मऊ शिजवलेले असतात. एक बोट तोंडात घ्यायचं, कातडी ओढून घ्यायची आणि हाडं ताटलीत काढून ठेवायची. सगळे तेच करत असतात, संकोच नको.

तिखटाची सवय असलेल्यांनी मिरचीचा सॉस मागून घ्यावा, पण पहिला घास त्याच्याशिवाय घ्यावा. कँटोनीज स्वयंपाकात मूळ जिन्नसाची चव पुढे आणतात. सॉसमध्ये बुडवलं की कोळंबी आणि डुक्कर एकसारखेच लागतात. चॉपस्टिक्स जमत नसतील तर काटा मागा, कुणी नावं ठेवत नाही. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचून मात्र ठेवू नका; ते मृताच्या नैवेद्यापुढच्या उदबत्त्यांसारखं दिसतं आणि शेजारच्याला वाईट वाटतं.

डुक्कर, गोमांस किंवा मांसच खात नसाल तर

इथे स्पष्टच सांगते. पक्के शाकाहारी असाल तर टिम हो वानमध्ये जेवायला जाऊ नका. सोबत म्हणून जायचं असेल तर आधीच थोडं खाऊन घ्या.

अडचण दिसणाऱ्या मांसाची नसते, न दिसणाऱ्याची असते. मुळ्याच्या वडीत वाळवलेली कोळंबी आणि चिनी सॉसेजचे बारीक तुकडे असतात. हार गाउच्या सारणात परंपरेने डुकराची चरबी घालतात, म्हणजे 'नुसती कोळंबी खातो' म्हणणाऱ्यानेही विचारायला हवं. पेस्ट्रीसारख्या पापुद्र्यांत चरबी वापरण्याची जुनी पद्धत आहे. उकडलेल्या पालेभाजीवर ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, येऊ शकतो. फुलांच्या जेलीत बऱ्याचदा प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं. कोंबडीच्या भातात डुकराचं सॉसेज निघू शकतं. गोमांसाचे वाफवलेले गोळेही यादीत असतात आणि ते दिसायला इतर गोळ्यांसारखेच.

डुक्कर नको असेल तर 'म् यिउ चू युक' म्हणा. गोमांस नको तर 'म् यिउ आउ युक'. मी शाकाहारी आहे, हे 'ओ सेक चाय'. यातला च चमच्यातला, चिमणीतला नव्हे, आणि 'चू'मधलाही तसाच. पण उच्चारांच्या चढउतारावर कँटोनीजमध्ये अर्थ बदलतात, तेव्हा बोलण्यावर विसंबू नका. निघण्याआधीच चिनी अक्षरांत ही वाक्यं फोनवर साठवून ठेवा आणि कागद देताना दाखवा. कोळंबीची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हे करायलाच हवं, आणि ॲलर्जी तीव्र असेल तर जाऊच नये. सगळ्या टोपल्या एकाच वाफेवर चढतात.

अंडं चालणाऱ्याला बिनसॉसची पालेभाजी, साधा भात, आणि चरबी नसल्याचं विचारून मा लाय गो, एवढ्यावर भागवता येतं.

मात्र हाँगकाँगमध्ये शाकाहाऱ्याने डिमसमवर पाणी सोडायची गरज नाही. चिनी बौद्धांची शाकाहाराची परंपरा फार जुनी आहे. डायमंड हिलला नान लियान उद्यानात, धबधब्याच्या आड, ची लिन मठाचं शाकाहारी रेस्टॉरंट आहे; तिथे दुपारी सुरेख डिमसम मिळतं. बौद्ध पद्धतीत कांदा-लसूणही वर्ज्य, त्यामुळे आपल्याकडच्या कांदा-लसूण न खाणाऱ्यांना ते निर्धास्त वाटेल. कंद न खाणाऱ्या जैन मंडळींनी गाजर-बटाट्याबद्दल तेवढं विचारावं. दुसरं ठिकाण हाँगकाँग पार्कमधलं लॉक चा हे चहाघर. चहा उत्कृष्ट, डिमसम शाकाहारी. घरचे अर्धे शाकाहारी, अर्धे मांसाहारी असतील तर एक जेवण टिम हो वानला आणि एक इथे, असं ठरवा. सगळ्यांना एकाच टेबलावर बसवण्याच्या हट्टात कुणीतरी एक जण भात आणि सोया सॉस खात बसतो.

पैसे

बिलासाठी 'माय दान' म्हणा, किंवा टेबलावरची चिठ्ठी उचलून गल्ल्यावर जा. एका माणसाचं पोट शंभर-सव्वाशे हाँगकाँग डॉलरच्या आसपास भरतं. जवळ रोख असू द्या आणि प्रवासाचं ऑक्टोपस कार्ड भरलेलं ठेवा. कार्डावर किंवा फोनवर पैसे घेतात की नाही ते शाखेप्रमाणे बदलतं, म्हणून बसण्याआधी दारातच विचारा. निघताना 'म् गोय' म्हटलं की आभार मानून झाले.

नोकरीनिमित्त सिंगापूरला असलेल्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तिथे यादीतल्या किमतीवर १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के जीएसटी लागतो. टेबलावर आपणहून ठेवलेल्या ओल्या टिश्यूचे पैसेही तिथल्या अनेक रेस्टॉरंटांत लावतात. नको असेल तर पाकीट न फोडता परत द्या, बिलातून वजा करतात.

भाजलेले बन बांधून नेता येतात. डब्याचं झाकण घट्ट लावू नका, आत वाफ कोंडून वरचं साखरेचं आवरण ओलं होतं. हाँगकाँग स्टेशनच्या शाखेतून घेतले असतील तर ते एअरपोर्ट एक्स्प्रेस पकडण्याआधी संपवा. गाडीच्या डब्यात खायला मनाई आहे आणि विमानतळावर पोचेपर्यंत त्यांचा खुसखुशीतपणा गेलेला असतो.